वागळे इस्टेटातल्या पॅनलवाल्या दादांना जाहीर आभार

दादा, नमस्कार.

नाव घातलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं दादा. ठाण्याच्या वागळे इस्टेट औद्योगिक वसाहतीत ओळखणारे ओळखतील.

हिरवा एलईडी लागला म्हणजे सप्लाय ठीक, असं मानणाऱ्या मंडळींनी ठाण्यापासून तुर्भ्यापर्यंत माझ्या छोट्या सीएनसीवर, म्हणजे नेमप्लेट कोरणाऱ्या संगणकी मशीनवर, हात साफ करून घेतला. रोग एकच: मोटर मधूनच स्टेप, म्हणजे ठरलेलं छोटं पाऊल, चुकायची आणि कोरलेलं अक्षर सरकायचं. एकाने न तपासताच ड्रायव्हर, म्हणजे मोटरला करंट देणारे छोटे बोर्ड, बदलले. दुसऱ्याने ड्रायव्हरवरचा पॉट, म्हणजे करंट ठरवणारा छोटा स्क्रू, पिळून करंट वाढवला. स्टेप मिस व्हायच्या थांबल्या नाहीतच, उलट डीआरव्ही ८८२५ जातीचे ते ड्रायव्हर तापून थर्मल शटडाउनमध्ये जायला, म्हणजे स्वतःहून बंद पडायला लागले. एका रोगाचे दोन झाले. तिसऱ्या महाशयांनी तर चालू मशीनवर मोटरचा कनेक्टर उपटला. कॉइलमधला करंट असा तोडला की उसळलेला व्होल्टेज ड्रायव्हरलाच खातो, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. ड्रायव्हर गेला, आणि बिलावर शेरा काय, तर ‘मोटर खराब’.

तुम्ही मीटर लावलात तो एसएमपीएसवर, म्हणजे २४ व्होल्ट देणाऱ्या सप्लायच्या डब्यावर नाही, तर शील्डच्या, म्हणजे ड्रायव्हर बसवलेल्या बोर्डाच्या टर्मिनलवर. तोही मशीन उभं असताना नव्हे. टूल सागाच्या फळीत उतरलेलं, स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारी मोटर, भारावर आणि झेड अक्षाची मोटर वर उचलत असताना. उभ्या मशीनवर २४.१ व्होल्ट होते. कामात ते २० च्या आसपास आले, आणि मीटरच्या मिन-मॅक्सवर सर्वांत कमी दिसले ११. ‘मीटर सावकाश आहे, खरा खड्डा याहून खोल असणार,’ एवढंच बोललात. तिथेच सगळं उलगडलं. व्होल्टेज साधारण ८ व्होल्टच्या खाली गेला की डीआरव्ही ८८२५ स्वतःला बंद करून घेतो, आणि परत उठतो तेव्हा आपण कुठल्या मायक्रोस्टेपवर, म्हणजे स्टेपच्या कुठल्या बारीक भागावर, होतो हे विसरलेला असतो. जीआरबीएलला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, यातलं काहीच कळत नाही, ते आपलं पल्स पाठवत राहतं. म्हणून नेमप्लेटवरचं अक्षर मध्येच सरकायचं, आणि दर वेळी वेगळ्या जागी.

तरी तुम्ही घाई केली नाहीत. सप्लाय बंद करून, कपॅसिटर उतरेपर्यंत थांबून एक्स आणि वाय मोटरचे कनेक्टर अदलाबदल केलेत. चूक मोटरबरोबर गेली नाही, जागेवरही राहिली नाही. कधी या अक्षावर, कधी त्या. म्हणजे दोष दोघांच्या आधी, जिथून दोघांना वीज मिळते तिथे.

सापडला एसएमपीएसच्या मायनसच्या स्क्रूखाली. वायरच्या तारांवर सोल्डर चढवून त्या तशाच दाबल्या होत्या. दिसायला चकाचक! पण सोल्डर मऊ. सततच्या दाबाखाली ते हळूहळू पसरतं, स्क्रू सैल पडतो, सांधा तापतो आणि तापला की आणखी सैल होतो. अर्ध्या ओहमचा सांधा आणि ६ अँपिअर करंट म्हणजे ३ व्होल्ट वाटेतच गडप, आणि १८ वॅट उष्णता एका स्क्रूच्या डोक्यावर. राहिलेला व्होल्ट बारीक वायरने खाल्ला. आणि तो हिरवा एलईडी? तो सांध्याच्या अलीकडे, एसएमपीएसच्या पोटात बसलेला. त्याच्यापर्यंत २४ व्होल्ट बिनबोभाट पोचत होते.

पुढची दुरुस्ती तुमच्यासाठी हातचा मळ होती: सोल्डरचं टोक कापलं, दीड स्क्वेअर मिलिमीटरची वायर, तिच्या टोकांना दाबून बसवलेले लग: एसएमपीएसकडे यू आकाराचा, शील्डकडे पिनसारखा. स्पिंडलच्या वायरची जोडी वेगळी काढून थेट एसएमपीएसवर नेलीत, म्हणजे तिचा करंट ड्रायव्हरच्या वायरमधून जाणारच नाही.

पण मला लिहायला लावलं ते त्यानंतरच्या पाच मिनिटांनी. काम झालं होतं, मशीन चालत होतं, तरी तुम्ही मास्किंग टेपचे तुकडे फाडून बारीक अक्षरात लिहायला बसलात. प्रत्येक ड्रायव्हरशेजारी पॉटने ठरवलेला व्होल्टेज आणि त्यातून येणारा करंट: ‘व्हीरेफ ०.६, करंट १.२’. टर्मिनलशेजारी ‘उभं २४.१, भारावर २३.६’. खाली तारीख. उद्या हे मशीन कुणीही उघडलं तरी त्याला मीटर लावून लगेच कळेल की काही बदललंय का. त्या टेपवर ना तुमचं नाव, ना मोबाइल नंबर. आपल्याकडे वॉरंटीचं स्टिकर आणि दुकानाचा शिक्का सगळे चिकटवतात. आकडे मागे ठेवणारा क्वचित भेटतो. आकडे ठेवले की पुढचा माणूस आपलं काम तपासू शकतो ना! बहुतेकांना तेच नको असतं.

पैसे तुम्ही रास्त घेतलेत, फुकट केलं नाहीत, तेही बरं वाटलं. भलेपणा म्हणजे मजुरी सोडणं, असं उगाच झालंय. कामाचे पैसे घ्यावेत आणि न लागणारा पार्ट विकू नये, इतकं जरी लोकांनी पाळलं तरी कितीतरी मशीनं भंगारात जायची वाचतील.

एक काम आहे. आधीच्या दुकानांनी ‘गेले’ म्हणून काढून दिलेल्या ड्रायव्हरपैकी दोन तुम्ही तपासून चांगले ठरवलेत, ते माझ्याकडे पडून आहेत. तुमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना लागणार असतील तर निरोप द्या. हीटसिंकसकट आणून देतो.