आर्नोकाठी आपल्या गावचा राजा

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
८ डिसेंबर

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

परवा तू फोनवर विचारलंस, "कशी झाली ट्रिप?" आणि मी "झक्कास" एवढंच म्हणालो. फोन ठेवल्यावर मनाला लागून राहिलं. तुला असं एका शब्दात सांगून भागायचं नाही. फ्लॉरेन्सला आम्ही दोघं हिच्या मैत्रिणीकडे गेलो हे खरं, पण तिथल्या एका जागी मी तुझ्याही वाटणीचा जाऊन आलो. आज दुपार मोकळी आहे, तेव्हा निवांत लिहितो.

हिची ही मैत्रीण उत्तरेश्वर पेठेतली, दोघी शाळेत एका बाकावर. बारा वर्षं झाली, ती आणि तिचे यजमान तिकडे नोकरीला आहेत. "या एकदा, या एकदा" म्हणत होती. यंदा दिवाळी झाली आणि आम्ही बॅग भरली. कपडे कमी आणि खाऊ जास्त: गुळाच्या दोन लहान ढेपा, घरची कांदा-लसूण चटणी, उरलेला फराळ आणि कापशी पायताणाचे दोन जोड. रोमला उतरून वेगाच्या गाडीनं दीड तासात फ्लॉरेन्स. स्टेशनवर तिनं हिला मिठी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "चटणी आणलीस?"

पहिल्या दिवशी जेवताना पाव तोंडात घातला तर बिलकूल मीठ नाही. हिला वाटलं, भट्टीवाला विसरला. पण त्या टस्कनी प्रांतात पाव तसाच करतात, शेकडो वर्षं. कुणी म्हणतं, पिसावाल्यांनी एके काळी मीठ अडवलं होतं, म्हणून ही सवय लागली. खरंखोटं देव जाणे. दोन दिवस मला तो पाव घशाखाली उतरेना. मग हिनंच विचारलं, "आपण तरी भाकरीत मीठ कुठं घालतो?" अरे, खरंच की! सोबतचं कोरड्यास चांगलं तिखटमिठाचं असलं की भाकरी अळणीच बरी लागते. त्यांच्याकडं खारवलेलं चीज, मसाल्यात मुरवलेलं मांस, ऑलिव्ह असतात, म्हणून पाव अळणी. त्या दिवसापासून तो पाव मला भाकरीसारखा गोड लागायला लागला. आणि शिळा झाला तरी टाकत नाहीत. पांढरा घेवडा, काळसर पानांचा कोबी, गाजर, कांदा सगळं शिजवून त्यात शिळा पाव घालतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळतात. रिबोलिता म्हणतात त्याला, म्हणजे पुन्हा उकळलेलं. आई शिळ्या भाकरीचा कुस्करा करायची, तो आठवला. गरिबाच्या चुलीवरची अक्कल सगळीकडं एकच.

तिथली मोठी बीफची थाळी आम्ही खाल्ली नाही, पण रानडुकराचा दाट रस्सा घातलेल्या रुंद पट्ट्यांचा पास्ता खाल्ला. रस्सा मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेला, चरबी अगदी बेतात. त्याच्या बदल्यात रविवारी आम्ही त्यांना तांबडा-पांढरा करून घातला. मटण आणलं ते तिथल्या मोठ्या मंडईतून. लोखंड आणि काचेची ती इमारत १८७४ सालची आहे. कोकराचे तुकडे कसे पाडायचे ते मैत्रिणीच्या लेकीनं खाटकाला इटालियनमध्ये सांगितलं, मी हातवारे करून दाखवले. नारळाचं दूध डब्यातलं होतं, तरी पांढरा जमला. वरच्या मजल्यावरच्या ऐंशीच्या आजी जेवायला होत्या. तांबड्याच्या पहिल्या घोटाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण वाटी खाली ठेवली नाही. पांढरा मात्र दोनदा मागून घेतला, तोही त्या अळणी पावाबरोबर.

आता तेलाचं सांगतो, ते तुला आवडेल. नोव्हेंबर म्हणजे तिकडं ऑलिव्हच्या काढणीचे दिवस. शहराबाहेर टेकड्यांवर झाडांखाली जाळी अंथरलेली, माणसं लांब दांड्याच्या फण्यांनी फांद्या विंचरतात आणि फळं जाळीत पडतात. आम्ही एका घाण्यावर गेलो. आत पाऊल टाकलं आणि मला आपलं गुऱ्हाळच आठवलं, बापू. तीच ओलसर ऊब, तोच चोवीस तास राबणारा माणूस, दाराशी आपापला माल घेऊन नंबर लावलेले शेतकरी. फळं धुऊन भरडतात, मग तो लगदा हळूहळू मळत ठेवतात आणि यंत्रात गरगर फिरवून तेल वेगळं काढतात. शंभर किलो फळांना बारा-पंधरा किलो तेल उतरलं तर बरं म्हणायचं. मी मनात उसाचा हिशेब घातला, टनाला किती गूळ पडतो त्याचा, आणि हे दोन धंदे अगदी सख्खे भाऊ वाटले. आपला गुळव्या जसा काहिलीकडं नुसतं बघून पाक आला की नाही ते सांगतो, तसा तिथला म्हातारा लगद्याच्या वासावरून सांगत होता. नळातून पडणारं तेल हिरवंगार, काचेतून पलीकडचं दिसत नाही असं. निखाऱ्यावर पाव भाजला, त्यावर लसणाची पाकळी घासली, वर हे तेल आणि मीठ. खाल्लं आणि घशात झणका बसला. खोकला आला तर म्हातारा खूश. तेल ताजं असल्याची ती खूण म्हणे. काकवी गरम असताना भाकरीबरोबर खाल्ली तर जो आनंद होतो, तोच. मी त्यांना आपल्या गुळाचा खडा दिला. त्यांनी तो जिभेवर ठेवून डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

बघण्यासारखं अमाप आहे, पण ते तुला पुस्तकातून माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. कॅथेड्रलच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्या तुझी वहिनी माझ्याआधी चढली. जोतिबाचं वळण तिच्या पायात आहे. ब्रुनेलेस्कीनं १४३६ मध्ये पुरा केलेला तो घुमट आतून-बाहेरून दोन पदरी आहे आणि चढायची वाट त्या दोन पदरांच्या मधून जाते. विटा तिरप्या, वेणीसारख्या गुंतवून घातलेल्या अगदी हाताशी दिसतात. मायकेलअँजेलोचा डेव्हिड सतरा फुटांचा, पण मी बघत बसलो तो त्याच्या उजव्या हाताच्या शिरा. पुलावरच्या सोनारांच्या दुकानांची गल्ली म्हणजे आपली गुजरीच, फक्त खाली नदी.

चामड्याच्या कामाला ते शहर प्रसिद्ध. एका बोळात एक कारागीर पाकिटं शिवत बसला होता. त्याची नजर माझ्या पायांवर गेली. त्यानं खुणेनंच पायताण मागितलं आणि मी काढून दिलं. उलटंपालटं करून बघितलं, कान ओढून बघितले, वेणीवरून अंगठा फिरवला आणि तळाची शिलाई दाखवत विचारलं, दोरा कुठाय? मैत्रिणीच्या यजमानांनी सांगितलं, दोरा नाही, चामड्याचीच वादी आहे, आणि खिळा तर एकही नाही. त्यानं शेजारच्या पोराला हाक मारून दाखवलं. दुसरा जोड यजमानांसाठी नेला होता, तो त्यांनी लगेच पायात घातला, थंडी असूनही.

बापू, सांता क्रोचेच्या भागात भिंतीवर एक छोटी पाटी आहे, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदीचं पाणी इथवर आलं, असं त्यावर कोरलंय. अशा पाट्या गावभर आहेत. मी तिथं मान वर करून उभा राहिलो आणि मला आपली २०१९ ची ऑगस्टमधली रात्र दिसायला लागली. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ च्याही वर गेलेलं. माळ्यावर बसून मी एकेक पायरी बुडताना मोजत होतो. चौथ्या दिवशी तू कमरेएवढ्या पाण्यातून पिठलं-भाकरी घेऊन आलास. ते मी तोंडानं कधी बोललो नाही, आज लिहितो. तिथं १९६६ च्या त्या पुरात ग्रंथालयातली पुस्तकं चिखलात गेली, तेव्हा देशोदेशीची पोरं धावून आली आणि रांगा करून हातोहात एकेक पुस्तक बाहेर काढलं. लोक त्यांना चिखलातले देवदूत म्हणतात. यजमान हे सांगत होते आणि मला आपल्या तालमीची पोरं दिसत होती, खांद्यावर म्हाताऱ्या माणसांना घेऊन निघालेली. आपल्या घराच्या भिंतीवरची पाण्याची रेघ मी गेल्या वर्षी रंगवून बुजवली. ती ठेवायला हवी होती, असं आता वाटतं.

आणि आता तुझी जागा.

राजाराम कॉलेजच्या पायरीवर तू मला सांगितलं होतंस, की ज्याचं नाव आपल्या कॉलेजला आहे तो राजा विसाव्या वर्षी इटलीत गेला आणि तिथंच नदीकाठी त्याला अग्नी दिला. मला तेव्हा ती गोष्ट गोष्टच वाटली होती. पोचल्यापासून मी त्या जागेचं विचारत होतो. कासिने नावाची मोठी बाग आर्नोच्या कडेकडेनं पसरली आहे. तिच्या पार शेवटच्या टोकाला, मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते तिथं त्याच्या स्मारकाची छत्री आहे. आम्ही पानगळीतून तासभर चालत गेलो. लांबूनच कमानी दिसल्या आणि ही म्हणाली, "अगं बाई, हे तर आपल्याकडचं!" खरंच तसं आहे. ज्या मँटनं आपला न्यू पॅलेस आणि टाउन हॉल बांधला, त्याच्याच आराखड्याची ती छत्री. आत राजाराम महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, डोईला पागोटं. चेहरा किती कोवळा आहे, बापू! आपल्या पोरांच्या वयाचा, नव्हे त्यांच्याहून लहान. १८६६ ला गादीवर आले, १८७० ला इंग्लंड बघायला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला इथं संपले. घर किती लांब राहिलं होतं! सोबतच्या माणसांनी परक्या गावात दहनाची परवानगी मिळवली आणि संगम शोधून काढला. प्रयाग चिखलीला आपण जसे संगमावर जातो, तसा तिथला संगम. त्या लोकांच्या मनात त्या रात्री काय असेल, हे मी तिथं बसून किती वेळ विचार करत राहिलो.

हिनं पर्समधून अंबाबाईच्या कुंकवाची पुडी काढली. पुतळ्याभोवती कठडा आहे, म्हणून बाहेरच्या पायरीवरच एक बोट टेकवलं आणि दोन पिवळी फुलं ठेवली. मी कॉलेजचं नाव घेऊन नमस्कार केला आणि तुझंही नाव घेतलं. मागं तारांवर तोललेला मोठा पूल आहे, त्यावरून गाड्या धावत होत्या. त्या पुलालाही महाराजांच्यावरूनच "इंडियन"चा पूल म्हणतात. मैत्रिणीची लेक तिथं शाळेच्या सहलीत सायकलवरून कितीदा गेलेली, पण हा कोण ते तिला माहीत नव्हतं. आईनं सांगितल्यावर ती पुतळ्याकडं बघत राहिली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "म्हणजे हा आजीच्या गावचा?" "हो गं, आजीच्या गावचा," म्हणताना मैत्रिणीचा आवाज फुटेना. येताना त्या पोरीनं माझा हात धरला होता.

संगमाजवळच्या झाडाचं एक पान वहीत घालून आणलंय, ते तुझं. तेलाचीही एक बाटली तुझ्यासाठी ठेवली आहे. ते तेल ताजं असतानाच खायचं असतं, म्हणून उशीर करू नकोस. येत्या रविवारी ये, वहिनींना घेऊन. भाकऱ्या ही करील, लसूण मी सोलून ठेवतो. जेवण झाल्यावर घाटावर जाऊन बसू, आणि महाराजांचं तू त्या वेळी पायरीवर जे सांगितलं होतंस ते मला पहिल्यापासून पुन्हा सांग.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
आबा