आई, ती वही जरा मिटून ठेव

ती. आई-बाबा,
सा. न.

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं बाबा म्हणणारच. कारण साधं आहे. तुमचा फोन स्पीकरवर असतो. बाबा "एकदम ठणठणीत" म्हणतात तेव्हा आई गप्प बसते, आणि आई "आता छान झोप लागते त्यांना" म्हणते तेव्हा मागून बाबांचा घसा खाकरल्याचा आवाज येतो. एकमेकांच्या देखत तुम्ही दोघंही मला खरं सांगत नाही. पत्र निदान आळीपाळीनं वाचाल.

आधी वहीबद्दल, बाबा न्यूमोनियातून घरी आल्यापासून आई त्यांच्या रक्तातल्या ऑक्सिजनचे आकडे लिहिते ती. गेल्या महिन्यात आले होते तेव्हा आई आंघोळीला गेल्यावर मी ती चाळली. पट्टीनं आखलेले रकाने. उठल्यावर, आंघोळीनंतर, जिना चढून आल्यावर, दुपारी झोपेत, झोपून उठल्यावर. एका दिवसात चौदा नोंदी. ९५, ९४, ९४, ९३ (रागावले), ९५. आधी हसले. मग त्या 'रागावले'पाशी बराच वेळ थांबले. बाबा का रागावले असतील ते कळत होतं, आणि तू ते लिहून का ठेवलंस तेही.

आई, बोटाला लावायचं ते यंत्र दोन-तीन टक्के इकडेतिकडे दाखवतंच. बोट गार असलं, हात हलला, क्लिप नीट बसली नाही, की आकडा घसरतो. ९४ आणि ९५ मध्ये काहीच फरक नाही, आणि त्या नसलेल्या फरकासाठी तू त्यांना दुपारच्या झोपेतून उठवतेस. दिवसातून दोनदा पुरे. पाच मिनिटं शांत बसवायचं, हात चोळून ऊबदार करायचे, आकडा स्थिर झाला की मगच वाचायचा. डॉक्टरांनी आपल्याला ९२ची रेघ आखून दिली आहे. त्याच्या वर असेल तर वही बंद.

(बाबा, तुम्हाला यंत्रांचं वेड म्हणून सांगते. हे ज्यांना सुचलं ते ताकुओ आओयागी नावाचे जपानी इंजिनिअर वेगळंच काहीतरी मोजत होते. हृदय किती रक्त ढकलतं ते रक्तात रंग सोडून मोजायचा त्यांचा प्रयत्न होता, आणि नाडीचे ठोके मध्ये लुडबुड करत होते. ती लुडबुड काढून टाकता टाकता त्यांच्या लक्षात आलं की रक्तातला ऑक्सिजन त्या ठोक्यांतूनच वाचता येईल. ही कल्पना त्यांनी १९७४ साली मांडली.)

आता तुमच्याकडे वळते, बाबा. परवा तुम्ही म्हणालात, "एक्स-रे स्वच्छ आला, रक्ताचे रिपोर्ट बरोबर आले, तरी दहा पायऱ्यांत धाप लागते. म्हणजे माझ्या मनाचेच खेळ असणार." हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून बसून थोडं वाचलं. टोरोंटोच्या डॉ. मार्गारेट हेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसं पार निकामी होऊन आयसीयूतून वाचलेल्या १०९ जणांना त्यांनी वर्षभर तपासत ठेवलं होतं. ती माणसं तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त आजारी होती, आणि वयानं तरुण, पंचेचाळिशीच्या आसपासची. सहा महिन्यांत त्यांच्या फुप्फुसांची क्षमता जवळजवळ पूर्ववत झाली. पण वर्ष उलटल्यावरही सहा मिनिटांत ती जेवढं चालू शकत होती ते अंतर अपेक्षेच्या ६६ टक्केच भरलं. अडत होतं ते स्नायूंपाशी. अंगातलं मांस गेलेलं होतं आणि ताकद परतलेली नव्हती.

आणि मांस किती झरझर जातं बघा. २००७च्या एका अमेरिकी अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं होतं. ताप नाही, जंतू नाही, फक्त पलंग. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांस गेलं. तुम्ही दवाखान्यात अकरा दिवस होतात, त्यातले चार आयसीयूत, वर फ्लूचा न्यूमोनिया आणि १०३ ताप. दुबळा पाय तेवढ्याच कामाला लवकर थकतो आणि श्वासाला पळायला लावतो. धाप छातीत जाणवते, पण तुमच्या बाबतीत तिचं मूळ बरंचसं मांडीत आहे. मनाचे खेळ नाहीत हे, बाबा. उलट यावर करण्यासारखं काहीतरी आहे, म्हणून मला हायसं वाटलं.

तुम्ही खुर्चीतून कसे उठता ते मी त्या आठवड्यात पाहत होते. आधी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर चाचपता. मग पुढे सरकता, जरा थांबता, आणि कुणी बघत नाही ना याची खात्री करून, 'हं' असा आवाज काढून उठता. एका दुपारी मी हात छातीशी घडी करून उठायला सांगितलं. चार वेळा जमलं. पाचव्याला अर्धवट उठून परत बसलात आणि म्हणालात, खुर्चीच खोल आहे. खुर्ची वीस वर्षं तीच आहे.

डिस्चार्जच्या कागदाचा मला अजून राग येतो. त्यावर गोळ्या होत्या, तारखा होत्या आणि शेवटी एकच सूचना, 'विश्रांती घ्या'. किती, कशी, कधीपर्यंत, काही नाही. व्यायामाचा शब्द नाही. पण खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही. मला एकच प्रश्न पडला होता, घरी ऑक्सिजनचं सिलिंडर लागेल का. लागणार नाही म्हणाले, आणि मला वाटलं सुटलो. फिजिओ मिळाल्या त्या सातव्या आठवड्यात. तोवर आईनं 'विश्रांती' अक्षरशः पाळली. पाणी हातात, टॉवेल हातात, मोजेसुद्धा तीच चढवणार. आई, तू मनापासून केलंस आणि त्याच मायेनं त्यांचे पाय आणखी बारीक झाले. हे लिहिताना माझा हात अडखळतोय, पण फोनवर तर हे मला कधीच बोलता आलं नसतं. पाण्याचा तांब्या टेबलावर ठेव. त्यांना उठू दे. उठताना त्यांच्याकडे पाहू नकोस, एवढंच.

आणि बाबा, याचा अर्थ माळा साफ करायचा असा नाही. एक दिवस बरं वाटलं म्हणून तुम्ही वर चढलात आणि पुढचे दोन दिवस पलंगावर काढलेत, हे मला शेजारून कळलं. फिजिओंची ती साधी कसोटी आहे ना, चालताना एक अख्खं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे, तीच धरा. वाक्य तुटलं की थांबायचं, पुढे झुकून हात मांडीवर टेकायचे, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा. बरं वाटलेल्या दिवशी थोडं कमी करा आणि वाईट दिवशी अगदीच शून्य नको. आज तुमचा दहावा आठवडा. न्यूमोनियानंतर खोकला आणि धाप साधारण सहा आठवड्यांत बऱ्यापैकी उतरतात, तीन महिन्यांनी बहुतेक त्रास जातो पण थकवा रेंगाळू शकतो, आणि बहुतेकांना पूर्ववत वाटायला सहा महिने लागतात. हा हिशेब डॉक्टरच देतात, आणि तो सगळ्या वयांचा धरून आहे. तुम्ही ७३ वर्षांचे. केस गळताहेत तेही मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी होतं, परत येतात. म्हणजे जेवढे होते तेवढे.

आता एक गोष्ट, जी दोघांनीही वाचावी. आई, आयसीयूतल्या तिसऱ्या रात्री बाबा तुझ्याकडे बघून नर्सला म्हणाले, "ही कोण बाई? हिला बाहेर काढा." तू ते कुणालाच सांगितलं नाहीस. मी काचेबाहेर होते, मला ऐकू आलं होतं. बाबांना त्यातलं काहीही आठवत नाही. त्यांना आठवतात छतावरून चालणाऱ्या मुंग्या आणि आपल्याला दुसऱ्याच कुठल्यातरी इमारतीत हलवलंय ही खात्री. हे त्यांनी मला एकदा रात्री सांगितलं, तुला सांगायचं नाही या अटीवर. बाबा, अट मोडली, रागवा. याला डिलिरियम म्हणतात. ताप, कमी पडलेला ऑक्सिजन, औषधं, दिवसरात्र जळणारे दिवे, सगळं मिळून मेंदू गोंधळतो. आयसीयूतल्या म्हाताऱ्या माणसांत हे सर्रास दिसतं. त्या रात्री बोलत होता तो आजार होता. इतके आठवडे तुम्ही दोघं त्या रात्रीभोवती पाय न वाजवता फिरताय. बाबांना वाटतं आई हल्ली जरा तुटक झालीय. मला विचारत होते, "मी काही बोललो का गं?"

धोक्याच्या खुणा फ्रिजवर लावून आलेच आहे, तरी पुन्हा लिहिते. बसल्या जागी अचानक धाप, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, परत चढलेला ताप, एकाच पायाला सूज आणि दुखणं, ओठ निळसर, बोलण्यात असंबद्धपणा, किंवा दोनदा मोजूनही ९२च्या खाली. यातलं काहीही झालं तर मला फोन नंतर, आधी दवाखाना. बाकी कशालाही घाबरायचं नाही.

आणि वही फेकू नकोस, आई. अक्षर छान आहे तुझं. पुढच्या पानावर दोनच रकाने आख. हात न टेकता किती वेळा उठले, आणि सलग किती मिनिटं चालले. तिसरा रकाना तुझ्यासाठी, तू किती तास झोपलीस. तो बाबांनी भरायचा.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी येतेय. खुर्ची तीच ठेवा.

तुमची,
मनू

ता. क. : बाबा, १४ तारखेच्या पानावर संध्याकाळी एकदम ९९ आहे. त्या दिवशी नातू घरी आला होता. बोट कुणाचं होतं ते त्यानं मला सांगितलंय. आईला मी अजून काही बोलले नव्हते.