सूचना : क्रूझवरचे ड्रिंक पॅकेज घेण्याआधी

टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरातून मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला क्रूझने निघणाऱ्या सर्व सभासदांना नमस्कार. ड्रिंक पॅकेजबद्दल, म्हणजे ठरावीक रक्कम आधीच भरून जहाजावर पेये घेण्याच्या सोयीबद्दल, बरेच जण विचारत आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

पॅकेज फक्त जहाजावर चालते. कोझुमेलच्या किनाऱ्यावरच्या बारमध्ये ते दाखवून काहीही मिळत नाही, आणि तो दिवस बाहेर गेला म्हणून पैसेही कमी होत नाहीत. पाच दिवसांच्या सफरीत दोन दिवस बंदरात जाणार असतील, तर हिशेब नीट करा. जाहिरातीतल्या दरावर सेवाशुल्क वेगळे लागते, तेही धरा.

कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या पॅकेजात २४ तासांत मद्याचे १५च पेले मिळतात. शिवाय केबिनमधल्या एकाने ते घेतले, की २१ वर्षांवरील बाकीच्यांनाही घ्यावे लागते. न पिणाऱ्याला हा भुर्दंड का? म्हणून केबिनच्या जोड्या ठरवतानाच एकमेकांशी बोला, ही कळकळीची विनंती.

किनाऱ्यावर घेतलेली बाटली जहाजावर चढताना जमा करून घेतात, शेवटी परत देतात. गॅल्व्हेस्टनला उतरताना तिच्यावर टेक्सासचा कर भरावा लागतो, ड्यूटी-फ्री (करमुक्त) दुकानातून घेतलेली असली तरी.

कोझुमेलला ऊन कडक असते. पाणी बरोबर ठेवा.