पान फाटलेलं नाही, तरी पुस्तक परत घ्या

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व प्रकाशन विभाग

विषय: पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा ‘संदर्भग्रंथ’, सुधारित आवृत्ती 2024, सहा प्रती परत घेऊन पूर्ण रक्कम मिळणेबाबत.

महोदय,

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेला केलेला फोन माझ्याकडून शेवटचा. यापुढे जे काय ते लेखी.

पुस्तक तुमचंच आहे, तेव्हा आत काय छापलंय ते तुम्हाला ठाऊक असणारच. पान 23 वर पहिला प्रोग्रॅम आहे. प्रिंट, मोकळी जागा, मग अवतरणात ‘नमस्कार’. कंस नाही. माझ्या क्लासच्या मुलांनी तो जसाच्या तसा टाइप केला आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर एकच ओळ उमटली: ‘सिंटॅक्स एरर, मिसिंग पॅरेन्थेसिस इन कॉल टू प्रिंट’. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “सर, हाई पुस्तकच जुनं शे.” त्याला जे एका नजरेत दिसलं ते तुमच्या संपादकाला, मुद्रितशोधकाला आणि ‘तज्ज्ञ समिती’ला (पान 3 वर फोटोसह) दिसलं नाही.

पायथन 3 आलं डिसेंबर 2008 मध्ये. तेव्हापासून प्रिंट हे फंक्शन आहे आणि त्याला कंस लागतो. कंसाशिवाय चालायचं ते पायथन 2 मध्ये, आणि तुमचं पुस्तक त्याचंच. पायथन 2 चा अधिकृत पाठिंबा 1 जानेवारी 2020 ला संपला. त्याच एप्रिलमध्ये त्याची 2.7.18 ही आवृत्ती निघाली, ती शेवटची. तुमच्या मुखपृष्ठावर मात्र सोनेरी अक्षरांत 2024. मग सुधारलं काय? मुखपृष्ठ छान झालंय, हे मान्य.

प्रिंटचा कंस मुलांनी हाताने भरला असता. त्यासाठी मी पत्र लिहायला बसलो नसतो. त्रास आहे तो एरर न देता चुकीचं उत्तर मनात भरवणाऱ्या पानांचा. तुमचं पुस्तक सांगतं, 7 भागिले 2 म्हणजे 3. पायथन 3 मध्ये त्याचं उत्तर 3.5 येतं, 3 हवे असतील तर तिरकी रेघ दोनदा द्यावी लागते. तुमचं पुस्तक सांगतं, राउंड केल्यावर 2.5 चे 3 होतात. आता होतात 2, कारण बरोबर मधोमध असलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे जाते. 3.5 चे 4 होतात आणि 2.5 चे 2. आमच्याकडची निम्मी मुलं कापूस लावणाऱ्या घरांतली. क्विंटलच्या भावावरून पट्टीचा हिशोब काढणारा प्रोग्रॅम ती लिहितात आणि उत्तर बापाच्या हातातल्या कागदाशी ताडून बघतात. पुस्तक एक म्हणतं, मशीन दुसरंच म्हणतं, आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं.

आता मराठीकडे येतो, कारण पुस्तक ‘खास मराठी वाचकांसाठी’ आहे असं मागच्या पानावर तुम्हीच लिहिलंय. तुमच्या पान 112 नुसार देवनागरी मजकुराची लांबी तिप्पट येते. म्हणजे ‘अमळनेर’ची 18. पायथन 2 साध्या स्ट्रिंगमध्ये (म्हणजे मजकुरात) अक्षरांऐवजी साठवणुकीचे बाइट मोजायचं आणि यूटीएफ-8 या साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून तेव्हा ते खरं होतं. पायथन 3 मध्ये उत्तर 6 येतं. डोळ्यांना अक्षरं पाच दिसतात, पण ‘ने’मधली मात्रा वेगळी मोजली जाते. संदर्भग्रंथात नेमकं हेच हवं होतं. मराठी वाचकाला हे मराठी पुस्तकाने नाही सांगायचं तर कोणी सांगायचं? शिवाय पायथन 3 मध्ये व्हेरिएबलचं (किंमत साठवायच्या जागेचं) नावसुद्धा देवनागरीत चालतं, ‘भाव’ किंवा ‘वजन’ असं. तुमच्या पुस्तकात ते चालत नाही असं ठळक चौकटीत दिलंय.

‘संदर्भग्रंथ’ या तुमच्या दाव्याबद्दलही लिहितो. शिकवण्याचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं असतं. संदर्भाचं पुस्तक अडल्यावर मधूनच उघडायचं असतं. पायथनच्या अधिकृत आणि फुकट मिळणाऱ्या दस्तऐवजातही ट्यूटोरियल वेगळं, लायब्ररी रेफरन्स वेगळा आणि लँग्वेज रेफरन्स वेगळा ठेवलाय. संदर्भाचं पुस्तक निवडताना मी आधी ते कुठल्या आवृत्तीचं आहे ते बघतो. मग मागची सूची उघडतो. मग यादी क्रमाने लावणारं ‘सॉर्ट’ शोधतो. लिस्टचं सॉर्ट मूळ यादीच बदलतं आणि परत ‘नन’ (म्हणजे काहीच नाही) देतं, तर ‘सॉर्टेड’ नवी यादी देतं, हा फरक जिथे नीट लिहिलाय ते पुस्तक घ्यायला हरकत नाही. तुमच्या संकेतस्थळावर आतलं एकही पान बघायची सोय नाही. मुखपृष्ठ मात्र चारही बाजूंनी फिरवून बघता येतं.

सूची नाही. 612 पानांच्या संदर्भग्रंथाला सूची नाही! गट नंबर नसलेला सातबारा आहे हा. त्या जागी शेवटी ‘संभाव्य परीक्षा प्रश्न’ आहेत, त्यांत एफ-स्ट्रिंगचं, म्हणजे मजकुरातच व्हेरिएबलची किंमत भरायच्या सोयीचं, नावही नाही. एफ-स्ट्रिंग पायथन 3.6 मध्ये, डिसेंबर 2016 ला आल्या.

आता आजचा फोन. संभाषण ‘गुणवत्तेसाठी’ रेकॉर्ड होतं असं आधीच ऐकवलं गेलं, तेव्हा तुमच्याकडे ते असेलच. तरी लिहितो.

“सर, पुस्तकाची पानं फाटली आहेत का?”

“नाही.”

“पानं कमी आहेत का?”

“नाही. असायला हवी त्यापेक्षा जास्तच आहेत.”

“छपाई पुसट आहे का, सर?”

“छपाई अगदी स्वच्छ आहे. चुका लांबूनही वाचता येतात.”

“मग सर, डिफेक्ट काय आहे?”

मी आवृत्तीचं सांगितलं. त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग तुम्ही पायथन 2 टाकून घ्या ना, सर.” म्हणजे पुस्तक बदलायचं नाही, सहा मुलांचे कॉम्प्युटर बदलायचे. मी गप्प राहिलो. इतका वेळ गप्प राहिलो की त्यांनीच विचारलं, “सर, आपण कुठून बोलताय?”

“अमळनेर.”

“हे कुठे आलं, सर?”

“जळगाव जिल्हा. खान्देश.”

“अच्छा, तिकडे! मग सर, तिकडे अजून जुनंच चालत असेल ना?”

त्या मुलीवर माझा राग नाही. तिच्यासमोर जो कागद ठेवलाय तो वाचून तिचा पगार होतो. त्या कागदावर ‘फाटलं, कमी, पुसट’ एवढंच लिहून ‘चुकीचं’ हा रकाना ज्याने सोडला, त्याच्यावर आहे. आणि ‘तिकडे’ हा शब्द तिला एकटीला सुचला असेल असं मला वाटत नाही.

तिकडचं थोडं सांगतो. 1945 साली ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ नावाची वनस्पती तुपाची कंपनी याच अमळनेरात उभी राहिली. तिला आज विप्रो म्हणतात. इथून निघालेली एक कंपनी तुपापासून सॉफ्टवेअरपर्यंत पोचली. तुम्हाला 2 पासून 3 पर्यंत जाता आलं नाही. पुस्तकांचं म्हणाल, तर फेब्रुवारी 2024 मध्ये 97 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावात झालं. पुस्तक कसं चाळून घ्यायचं ते तिकडच्यांना कळतं.

फोन ठेवल्यावर लगेच मेसेज आला: ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे.’ सोबत पुढच्या खरेदीवर 50 रुपयांचं कूपन. समाधान कोणाचं झालं, ते मेसेजमध्ये नाही.

खंत वेगळीच आहे. तुमचंच ‘सी’ या प्रोग्रॅमिंग भाषेचं जुनं पुस्तक माझ्या कपाटात आहे. त्यात टर्बो सी हे सी चालवायचं जुनं सॉफ्टवेअर होतं, पण तेव्हा सगळ्यांकडे टर्बो सीच होतं. त्याला मागे बारीक टायपात सूची होती आणि पहिल्या पानावर शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवलेली होती. कोणीतरी छापलेलं पुन्हा वाचलं होतं, चुका मान्य केल्या होत्या. त्या चिठ्ठीच्या भरवशावर मी या सहा प्रती मागवल्या. या पुस्तकाला सूची नाही, हे वर लिहिलंय. तुम्ही वरचं वाचाल याची खात्री नाही, म्हणून पुन्हा लिहितो.

तेव्हा सहाही प्रती तुमच्या खर्चाने उचलून न्या आणि पूर्ण रक्कम परत करा. कूपन नको. संकेतस्थळावर ‘सुधारित आवृत्ती 2024’च्या खाली ‘फक्त पायथन 2 साठी’ असं त्याच मापाच्या सोनेरी अक्षरांत टाका. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करीन, मग जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 प्रमाणे ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. म्हणजे तारखेला तुम्हालाच ‘तिकडे’ यावं लागेल. सुरत-भुसावळ मार्गावर अमळनेर स्टेशन लागतं, पण जळगावला यायचं तर पुढे बसून राहा.

मला फोन करू नये.

तक्रारदार ग्राहक,
अमळनेर, जि. जळगाव

सोबत: बिलाची प्रत, पान 23 व 112 चे फोटो (पानं शाबूत आहेत).