खासदारांना सीजीएचएस, आम्हाला वेटिंग पिरियड?

मा. संपादक,

आईसाठी हेल्थ इन्शुरन्स काढायला गेलो, वय 67, डायबिटीस आहे. कंपनीने सांगितलं की आधीपासून असलेल्या आजाराला तीन वर्षं क्लेम मिळणार नाही, यालाच वेटिंग पिरियड म्हणतात. आता नियमच तसा आहे, 2024 मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ही कमाल मुदत चारवरून तीन वर्षांवर आणली, तेवढं बरं केलं, पण 67व्या वर्षी तीन वर्षं थांबायचं म्हणजे काय हे घरात म्हातारं माणूस असलेल्यालाच कळतं.

आणि आपले खासदार? त्यांना सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारची आरोग्य योजना आहे. दरमहा ठराविक रक्कम भरायची, की जुन्या आजाराला वेटिंग पिरियड वगैरे काही नाही, माजी खासदारांनाही ही सोय मिळते. माझी त्याबद्दल तक्रार नाही, आजारपण कुणालाही येतं. पण विम्याचे कायदे ज्या संसदेत होतात तिथल्या लोकांना स्वतःच्या उपचारासाठी ही पॉलिसी कधी घ्यावीच लागत नाही, मग क्लेम रिजेक्ट झाल्यावर काय वाटतं ते त्यांना कसं कळणार?

प्रीमियमवरचा 18 टक्के जीएसटी काढायला 22 सप्टेंबर 2025 उजाडला, इतकी वर्षं आम्ही आजारपणाच्या भीतीवरही टॅक्स भरत होतो! आयुष्मान कार्ड उत्पन्न न बघता मिळतं ते सत्तरीनंतर. म्हणजे आईला अजून तीन वर्षं.

माझी मागणी साधी आहे, खासदारांना जुन्या आजारावर पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात तसे साठीनंतरच्या प्रत्येकाला मिळू द्या, नाहीतर त्यांनीही आमच्यासारखीच पॉलिसी घ्यावी.

- एक वाचक, सातारा