तेरा तारखेचा शुक्रवार: ‘म्हणून’ कुठून आले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तेरा तारीख शुक्रवारी आली की वृत्तपत्रांत एक कहाणी हमखास छापून येते. १३ ऑक्टोबर १३०७ रोजी फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने टेम्पलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या संघाची धरपकड केली, तो शुक्रवार होता, म्हणून युरोपात हा दिवस अशुभ ठरला. यातली घटना खरी आहे, वारही खरा आहे. आक्षेप आहे तो ‘म्हणून’ या शब्दाला.

आधी वाराबद्दल, कारण तो पडताळताना हटकून चूक होते. मोबाइलवरच्या बऱ्याच कॅलेंडरांत मागे जात १३०७ गाठले, तर १३ ऑक्टोबरला गुरुवार दिसतो. ही कॅलेंडरे आजचीच ग्रेगोरियन पद्धत मागे ताणत नेतात. ती पद्धत मात्र १५८२ साली सुरू झाली. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. त्याआधीच्या तारखा ज्युलियन पद्धतीच्या असतात आणि चौदाव्या शतकात दोन्हींत ८ दिवसांचे अंतर होते. ज्युलियन १३ ऑक्टोबर म्हणजे ग्रेगोरियन २१ ऑक्टोबर. तो शुक्रवारच येतो.

आता ‘म्हणून’. फिलिपचे गुप्त आदेश १४ सप्टेंबरलाच निघाले होते. धरपकडीनंतर वर्षानुवर्षे खटले चालले, १३१२ मध्ये संघ बरखास्त झाला, १३१४ मध्ये त्याचा प्रमुख जाक द मोले याला जाळण्यात आले. एवढ्या गाजलेल्या प्रकरणामुळे लोक तेरा तारखेच्या शुक्रवाराला भिऊ लागले असते, तर पुढच्या शतकांतल्या लेखनात त्याची खूण सापडायला हवी होती. ती सापडत नाही. हा दुवा विसाव्या शतकात जोडला गेला.

त्याआधी सापडतात त्या दोन वेगवेगळ्या समजुती. शुक्रवार हा येशूला क्रुसावर चढवल्याचा वार, उपासाचा वार आणि इंग्लंड-अमेरिकेत पुष्कळदा फाशी देण्याचा वार. खलाशी त्या दिवशी नांगर उचलायला नाखूश असत. (कोलंबस मात्र ३ ऑगस्ट १४९२ रोजी शुक्रवारीच निघाला आणि १२ ऑक्टोबरला, शुक्रवारीच, त्याला जमीन दिसली.) तेराची भीती तारखेची नव्हतीच, ती पंगतीची होती. येशूच्या शेवटच्या भोजनाला तेरा जण होते, त्यामुळे एका मेजावर तेरा जण बसले तर वर्षाच्या आत त्यातला एक दगावतो, असे मानत. १७११ मध्ये लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकात अशाच एका मेळाव्याचे वर्णन आले. एक म्हातारी अचानक म्हणते, आपण तेरा आहोत. घबराट पसरते, एकदोन बायका उठून जायला निघतात. तेव्हा एक गृहस्थ जमलेल्या एका गरोदर स्त्रीकडे बोट दाखवून आपण चौदा असल्याचे सांगतो. तिथे शुक्रवाराचा प्रश्नच नाही, मोजली जातात ती माणसे.

दोन्ही समजुती एकत्र येताना दिसतात त्या एकोणिसाव्या शतकात. संगीतकार रोसिनी १३ नोव्हेंबर १८६८ रोजी, शुक्रवारी, वारला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये निघालेल्या त्याच्या चरित्रात, शुक्रवार आणि तेरा हे दोन्ही अशुभ मानणारा हा माणूस नेमका त्याच दिवशी गेला, अशी नोंद आहे. १३ जानेवारी १८८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘थर्टीन क्लब’चे पहिले जेवण झाले. समजूत मोडण्यासाठी मुद्दाम तेरा जण जेवायला बसले आणि तोही शुक्रवार होता. १९०७ मध्ये थॉमस लॉसन या शेअर बाजारातल्या बड्या आसामीने याच दिवसाचे नाव देऊन कादंबरी लिहिली. त्यातला दलाल बाजार कोसळवायला हाच दिवस निवडतो. या जोडीला घरोघरी पोचवण्यात त्या पुस्तकाचा वाटा मोठा.

स्पेन आणि ग्रीसमध्ये अपशकुनी मानतात तो तेरा तारखेचा मंगळवार. इटलीत १७ तारखेचा शुक्रवार. त्याचे एक स्पष्टीकरण असे देतात की रोमन अंकांतल्या सतराची अक्षरे फिरवली की ‘मी जगलो’, म्हणजे संपलो, असा लॅटिन शब्द होतो. फ्रान्समधल्या एका धरपकडीतून यातले काहीच उलगडत नाही.

दिवस दुर्मीळ आहे हाही गैरसमज. रविवारी सुरू होणाऱ्या प्रत्येक महिन्यात तो येतो, वर्षात किमान एकदा, जास्तीत जास्त तीनदा. २०२६ मध्ये फेब्रुवारी, मार्च आणि नोव्हेंबर असा तीनदा. ग्रेगोरियन चक्र ४०० वर्षांचे, म्हणजे १,४६,०९७ दिवसांचे. त्याला ७ ने निःशेष भाग जातो, त्यामुळे वारांचा क्रम जसाच्या तसा पुन्हा येतो. त्यातल्या ४,८०० महिन्यांना मात्र ७ ने भाग जात नाही, म्हणून तेरा तारीख सातही वारांना सारखी वाटली जाणे शक्यच नाही. शुक्रवारी ती ६८८ वेळा येते, गुरुवारी आणि शनिवारी ६८४ वेळा. सर्वांत जास्त शुक्रवारीच.

अपघातांच्या आकड्यांबाबतही जपून लिहावे. १९९३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या लेखाने या दिवशी वाहन अपघातांमुळे रुग्णालयात येणाऱ्यांचा धोका ५२ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो असे म्हटले होते. तो लेख नाताळच्या हलक्याफुलक्या अंकातला होता आणि तुलना ६५ विरुद्ध ४५ रुग्णांची होती. इतक्या लहान संख्येत टक्केवारी भलतीच फुगते.

तेव्हा विनंती एवढीच की १३०७ चा उल्लेख यापुढेही जरूर करावा, फक्त त्याच वाक्यात हा संबंध विसाव्या शतकात जोडला गेला, हेही छापावे.

आपला,
एक वाचक