‘शिव्हर माय टिंबर्स’चा अर्थ थरथरणं नाही हो!

संपादक साहेब, नमस्कार.

माझ्या भाच्याला शाळेत सांगितलं की ‘शिव्हर माय टिंबर्स’ हा गोष्टींतल्या समुद्री चाच्यांच्या तोंडचा इंग्रजी उद्गार म्हणजे ‘माझी लाकडं थंडीनं कुडकुडली’, आणि पोरगं तेच वहीत लिहून घरी आलं, वाचून जीव हळहळला. शिव्हर म्हणजे थरथरणं हे बरोबरच आहे, पण त्याच स्पेलिंगचा दुसरा एक जुना शब्द आहे, त्याचा अर्थ ठिकऱ्या उडणं. टिंबर्स म्हणजे लाकडी जहाजाच्या फासळ्या, ज्यांच्यावर अख्खं जहाज उभं असायचं. तोफेचा गोळा लागला की त्या ओकच्या लाकडाच्या ढलप्या सुऱ्यासारख्या उडायच्या आणि कितीतरी खलाशी गोळ्यानं नाही तर त्या ढलप्यांनीच मरायचे. आमच्या आरामशीनवर सागाची एवढीशी फास बोटात गेली तरी दोन दिवस ठणकते, मग ते काय असेल विचार करा!

म्हणजे ही चक्क शपथ आहे, आपण ‘खोटं बोललो तर जीभ झडो माझी’ म्हणतो ना, अगदी तशी. 1834 मध्ये मॅरियट या इंग्रज लेखकाच्या कादंबरीत एक खलाशी म्हणतो की तुला मारलं तर माझी टिंबर्स फुटोत. मॅरियट स्वतः नौदलात कॅप्टन होता बरं का. पुढे 1883 मध्ये ‘ट्रेझर आयलंड’ ही चाच्यांची कादंबरी पुस्तकरूपात आली आणि त्यातल्या लाँग जॉन सिल्व्हर या चाच्याच्या तोंडून हे वाक्य जगभर गेलं, मग ते चाच्यांचंच होऊन बसलं.

नागपूरला समुद्र नाही म्हणून पोरांना काहीही सांगावं का? तुमच्या मुलांच्या पानावर हा अर्थ एकदा छापाच.

— एक वाचक, नागपूर